बिनहाकेची ओ

उटगे सरांच्या वर्गात हजेरीला ‘यस सर’ म्हटलेलं चालत नसे. ‘प्रेझेंट’ही नाही. एखाद्या पोरानं ‘हजर’ म्हटलं तर सर चष्म्यावरून त्याच्याकडे बघत आणि तेच नाव पुन्हा घेत. नाव घेतलं की ओ द्यायची, असा नियम होता. घरी आईनं हाक मारल्यावर देतो तशी. एकशे ऐंशी पोरांची बॅच, म्हणजे एकशे ऐंशी वेळा ओ. शेजारच्या वर्गात मी फळ्यावर पानाचा आडवा छेद काढत असे आणि पत्र्याच्या पार्टिशनपलीकडून सकाळी साडेसहाला ते चालू व्हायचं. पहिले काही दिवस मला वाटलं, कुणीतरी गुरं हाकतंय.

आमच्या क्लासच्या संचालकांना हे पसंत नव्हतं. “उटगे सर, दहा मिनिटं जातात हो रोजची. दहा मिनिटांत दोन न्यूमेरिकल्स होतात,” ते म्हणायचे. सर मान हलवायचे. “होतात की,” म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा मात्र त्यांनी उत्तर दिलं. “नाव घेतल्यावर कुणीतरी ओ देऊन राहिलंय, हे काय कमी हाय का सर?” संचालकांना या वाक्याचं काय करावं ते समजलं नाही. पण फिजिक्सचा निकाल चांगला लागत होता, त्यामुळं त्यांनी विषय सोडून दिला.

भूकंपाला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. ज्या गच्चीखाली झोपायला लातूरकर वर्षभर भीत होते, त्याच गच्चीवर आता पत्रे टाकून बाहेरगावच्या पोरांच्या खोल्या झाल्या होत्या. देगलूरची, मुदखेडची, उदगीरची पोरं यायची, गादीची वळकटी आणि आईनं दिलेला चिवड्याचा डबा घेऊन. आम्ही सात-आठ मास्तर पहाटेपासून रात्रीपर्यंत तेच धडे सहा-सहा वेळा शिकवायचो. तोंडात मिरे आणि खडीसाखर. संध्याकाळी घरी गेल्यावर नवऱ्यानं काही विचारलं तर मी नुसती मान हलवायची. त्या काळातला माझा संसार बराचसा मानेवरच झाला आहे.

उटगे सर, म्हणजे मन्मथ उटगे, भिंतीच्या कडेनं चालायचे. क्लासच्या ग्रुप फोटोत शेवटच्या रांगेत, शेवटचे. शर्ट बाहेर, आवाज बसलेला. माईकशिवाय त्यांचं बोलणं तिसऱ्या बाकापुढं जात नसे. म्हणून रोज सकाळी आधी माईकची पूजा. आमचे शिपाई लायकभाई वायर धरून उभे, आणि सर डोळे मिटून.

“लायकभाई, गुणगुण येऊन राहिली.”

“सर, मेरे कू तो कुछ सुनाई नै देरा.”

“खालून येतीय. बारीक.”

मग लायकभाई प्लग काढून उलटा लावायचे, गुणगुण थांबायची आणि सर अगदी मनापासून “वा” म्हणायचे. एवढ्या बारक्या गोष्टीवर इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मोठ्या गोष्टींवर ते कधी खूश झालेले दिसले नाहीत, तो भाग वेगळा.

सर एके काळी बँडमध्ये होते हे मला वर्षभरानं कळलं. बँड म्हणजे लग्नातला नव्हे, रॉक बँड. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चौघांनी काढलेला. धरणाच्या पाण्यावरून नाव ठेवलं होतं ‘बॅकवॉटर’. नांदेडात सरांच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. घराणं शिवभक्त लिंगायत, सगळ्या भावांनी गादीवर बसायचं हे ठरलेलं. हा मधला पोरगा गळ्यात लिंग आणि खांद्यावर गिटार अडकवून घरातून निघाला, तेव्हा वडील म्हणाले होते, “बसून करायचा धंदा आपला. उभं राहून वाजवायची कामं आपल्यात कुणी केली न्हाईत.” सर हे सांगताना हसायचे. वडिलांचं बरोबरच होतं म्हणायचे, आता पाय दुखतात.

त्यांची गिटार बेस होती, चार जाड तारांची. “ती गाणं म्हणत न्हाई मॅडम. गाण्याच्या खाली उभी राहते,” असं त्यांनी मला समजावलं होतं. “वाजली तर कुणाला ऐकू येत न्हाई. थांबली की कळतं, काहीतरी गेलं.”

बँडची तालीम चालायची अर्धापूरच्या रस्त्याला, गाणाऱ्या पोराच्या वडिलांच्या केळी पिकवायच्या वखारीत. जाड भिंती, खिडकी नाही, कितीही बडवा, बाहेर आवाज नाही. आत चौघं आणि हिरव्या केळीचे घड. एका गॅदरिंगला हे लोक इंग्रजी गाणं घेऊन उभे राहिले. दुसऱ्या कडव्याला पब्लिकनं हिंदी गाण्याची फर्माईश केली, तिसऱ्याला केळी फेकायला सुरुवात केली. गाणारा पळाला, लीड गिटारवाला पळाला. ढोलावरचा दत्ता मात्र एका हातानं ताल चालू ठेवून दुसऱ्या हातानं केळी झेलत राहिला आणि ती खाऊन साली परत पब्लिकवर फेकत राहिला. ताल चुकला नाही म्हणून सर थांबले नाहीत. दोघांनीच गाणं संपवलं. “तेवढी एकच टाळी खरी मिळाली आम्हाला. त्याच्या केळी खाण्याला,” सर म्हणाले.

दत्ता कोण, हे मी लगेच विचारलं नाही. भूकंपानंतर आपल्या भागात त्या वयाच्या माणसाबद्दल कुणी असं थांबून बोललं, की लोक विचारत नाहीत. सरांनीच एकदा सांगितलं. नांदेडहून दोघं एकाच एसटीनं लातूरला येत होतो. मी माहेरून, ते दुकानावरून. वाटेत चहाला गाडी थांबली.

दत्ता भूकंपाच्या पट्ट्यातल्या एका गावचा. त्याच्या आईनं कंडक्टरच्या हाती निरोप धाडला होता, दत्तूला म्हणावं विसर्जनाला ढोल वाजवायला ये. इकडं दुसऱ्या दिवशी नांदेडात बँडचा कार्यक्रम ठरलेला. दत्ता जाणार नव्हता. “मीच म्हणलं त्याला,” सर कपाकडे बघत म्हणाले, “आई हाका मारून राहिली अन् तू हितं कामून बसला? जा. कार्यक्रम आपण बघून घेऊ. बॅग मी उचलली. गाडीत मी बसवलं.” विसर्जन झालं आणि त्याच पहाटे गाव पडलं. आई दाराच्या चौकटीखाली अडकली होती, तिला दुपारी काढलं. तोवर ती आतून दत्तूला हाका मारत होती. ओ आली नाही.

सरांनी एवढंच सांगितलं, कप ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. लातूर येईपर्यंत आम्ही फिजिक्सच्या पेपरबद्दल बोललो.

आणि इथून सरांच्या कॅसेटची गोष्ट सुरू होते.

पडलेल्या गावांची नवी गावं झाली. रुंद रस्ते, ओळीनं घरं, प्रत्येकाला अंगण. सगळं नीट होतं, पण एका घरातून मारलेली हाक दुसऱ्या घरात पोचत नव्हती. जुन्या गावात भिंतीला भिंत आणि माळवदाला माळवद. एका बाईनं माळवदावर उभं राहून हाक मारली की चौथ्या घरातून ओ यायची. सर रविवारी मोटरसायकलला टेपरेकॉर्डर बांधून त्या गावांत जायचे आणि म्हाताऱ्या माणसांना म्हणायचे, तुम्ही जुन्या गावात ज्यांना हाक मारत होता, त्यांना एकदा मारा. आधी लोकांना वाटलं सरकारचं काहीतरी असेल. मग वाटलं ह्याचं डोकं फिरलंय. मग त्यांनी हाका मारल्या.

त्या हाकांखाली सर बेस वाजवायचे. तारा चारच्या तीन उरल्या होत्या, चौथी ना लातुरात मिळत होती ना नांदेडात. तीनवर भागवलं. पहाटे नळाला पाणी आल्याच्या हाकेपासून दिवेलागणीला जेवायला बोलावण्यापर्यंत एका गल्लीचा पुरा दिवस, असा तो सगळा मामला होता. गाणारं कुणी नाही. हाक, आणि हाकेनंतर रिकामी जागा. ती जागाही मोजून. प्रत्येकाला ते विचारायचे, “तुमचं माणूस किती वेळानं ओ द्यायचं?” एक म्हातारा म्हणाला होता, आमची ही पहिल्या हाकेला कधी ओ देतच नव्हती, तिसऱ्याला द्यायची. म्हणून त्या गाण्यात हाक तीनदा आहे. ते ऐकताना मला हसू आलं आणि मग त्या तिसऱ्या हाकेनंतरची शांतता ऐकवली नाही. मी सरळ टेप बंद केला होता.

शेवटचं गाणं अडलेलं होतं. त्यासाठी सरांना एकच हाक हवी होती, दत्ताच्या आईची. आणि सुभद्राबाई हाक मारत नव्हत्या. नुसती टेपवर नव्हे, कुणालाच नाही. त्या दुपारपासून त्यांनी माणसाला नावानं हाकारलंच नव्हतं. शेजारणीकडं काम असलं तर तिथवर चालत जायचं आणि खांद्याला हात लावायचा. शेळी बोलवायची तर डब्यातले दाणे वाजवायचे. सर वर्षानुवर्षं जात राहिले, चहा पिऊन परत येत राहिले. शेवटी थकून त्यांनी ते गाणं हाकेविनाच संपवलं. तीन तारांवरची बेस, आणि अगदी शेवटी एक ओ. ही ओ मात्र खरी होती, दत्ताची. केळीच्या वखारीतल्या तालमीची एक जुनी कॅसेट सरांकडे होती, तिच्यात दोन गाण्यांच्या मध्ये कुठंतरी ती सापडली होती.

नांदेडातल्या एका दुकानातून त्यांनी कॅसेटच्या प्रती काढून आणल्या. निळ्या कागदावर ‘हाका’, खाली म. उ. उटगे. एका बाजूला ‘सकाळ’, दुसरीला ‘दिवेलागण’. रविवारी गावांत वाटायला न्यायच्या म्हणून गठ्ठा ऑफिसच्या टेबलावर ठेवला आणि स्वतः बॅच घ्यायला गेले. तिथं फीची पावती घ्यायला आलेल्या एका पालकानं तो बघितला.

पुढं काय झालं ते लातूरबाहेरच्या माणसाला पटायचं नाही. ‘उटगे सरांची कॅसेट आली’ एवढी बातमी खोल्याखोल्यांतून फिरली आणि दुपारपर्यंत टेबल मोकळं. ज्यांना मिळाली नाही त्यांनी रात्रीतून कॉप्या करून घेतल्या. सीईटी दीड महिन्यावर होती. फिजिक्सच्या सरांनी काढलेली कॅसेट, तीही गुपचूप, जाहिरात नाही, वर काही लिहिलेलं नाही, म्हणजे आत महत्त्वाचंच असणार. आमच्या गल्लीत मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, एका खोलीतून ‘पारबतीऽऽ पानी आलंऽऽ’ आणि शेजारच्या खोलीतून बाप पोराला दटावतोय, “नीट ध्यान दे, हसू नको.”

देगलूरची सुनंदा नावाची एक हुशार मुलगी होती. ती वही घेऊन आली. सर आणि मी स्टाफरूममध्ये बसलो होतो. तिनं घड्याळ लावून प्रत्येक हाकेनंतरची रिकामी जागा मोजली होती. तीन सेकंद, दोन सेकंद, चार सेकंद, एक. समोर लिहिलं होतं: सी, बी, डी, ए.

“सर, ही ऑब्जेक्टिव्हची उत्तरं हायत का? कोणत्या पेपरची?”

मी पदर तोंडाला लावला. सर हसले नाहीत. त्यांनी वही हातात घेऊन सगळं पान वाचलं. एवढं लक्ष देऊन ती कॅसेट दुसऱ्या कुणी ऐकली नसेल.

“न्हाई ग बेटा. हे सिलॅबसमधलं न्हाई,” ते म्हणाले.

“मंग शेवटचं तेवढं सांगा. बाकी सगळीकडं हाक हाय अन् ओ न्हाई. शेवटी ओ हाय, पण हाकच न्हाई. उत्तर दिलंय अन् प्रश्न छापायचा ऱ्हायलाय. तुमच्याकडून चुकून ऱ्हायला का मुद्दाम?”

सरांनी वही मिटली आणि तिच्या हातात दिली. चेहरा एकदम उतरला होता. तिला जा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही, मीच तिला पाठवलं. मग म्हणाले, “मॅडम, रविवारी मोकळ्या हाव का? सुभद्रामावशीला कॅसेट ऐकवायचीय. मी एकट्यानं गेलो तर पुन्हा चहा पिऊन परत येईन.”

सुभद्राबाईंच्या अंगणात आम्ही सतरंजीवर बसलो. बाई उंच, डोक्यावरून पदर. घराघरांत इतकं अंतर होतं की समोरची बाई धान्य पाखडताना दिसत होती, सुपाचा आवाज येत नव्हता. सरांनी टेप लावला. बाई ऐकत होत्या आणि एकेक हाक ओळखत होत्या. “ही धुरपदा.” “किसनदेव ह्यो. म्हातारीनं त्याला कधी येळेवर ओ दिली न्हाई.” एकेकाचं नाव घेऊन झालं की जरा वेळ त्या सुपाकडं बघायच्या. मग शेवटचं गाणं आलं, आणि ओ आली. तरणीताठी, तोंडात काहीतरी चघळत दिलेली ओ.

“पुन्यांदा लाव,” बाई म्हणाल्या.

सरांनी पुन्हा लावलं. आपण काय करायला आलो आहोत असं मला झालं होतं.

“दत्तूच हाय,” त्या म्हणाल्या. “पर ही मला दिल्याली न्हवं. मला तो ओ द्यायचा ती वैतागून, लांबडी. ही दोस्ताला दिल्याली हाय. कुनी मारली व्हती हाक?”

सरांनी टेप थांबवला.

“इच्यारायलेय मी. हाक कुनाची व्हती?”

“माझी, मावशी.”

“मंग ती कुटं गेली?”

“काढून टाकली.”

“कामून?”

बाईंनी टेपवर हात ठेवला, शेळीच्या पाठीवर ठेवावा तसा.

“म्हंजे माझी हाक हिच्याम्होरं लावायची व्हती तुला. म्हून इतके वर्स येऊन ऱ्हायलास व्हय? अरं लेकरा, त्यानं ओ तुला दिली. तुझ्या ओला माझी हाक कशी लागंल? माझी गेली ती गेली. तू तुझी मार.”

मग त्या उठल्या. चहाला दूध नव्हतं. समोरच्या बाईपर्यंत चालत गेल्या, तिच्या खांद्याला हात लावला आणि वाटी पुढं केली.

परत येताना औशाजवळ सर एसटीच्या खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “जा म्हणलं ते ह्याच तोंडानं मॅडम. त्याच तोंडानं हाक कशी मारायची?” वर्गात सहा वेळा तीच उत्तरं देणाऱ्या मला एकही सुचलं नाही, याची लाज अजून वाटते.

त्या वर्षीचा निकाल लागल्यावर सरांनी क्लास सोडला. नांदेडला गेले, दुकानाच्या गादीवर बसले म्हणतात. जाताना लायकभाईंच्या हाती माझ्यासाठी एक कॅसेट ठेवून गेले. तोच निळा कागद, फक्त कोपऱ्यात पेननं ‘दुरुस्त’ लिहिलेलं. आता घरात टेप राहिला नाही, कॅसेट कपाटात पडून आहे. ती लावायची मला गरजही नाही, कारण तिच्यात काय आहे ते मी समोर उभी राहून ऐकलं आहे.

सीईटी होऊन गेली होती, निकाल लागायचा होता. क्लासला सुट्टी होती. मी विसरलेली चष्म्याची डबी न्यायला गेले, तर लायकभाई मोठ्या हॉलच्या दारात उभे. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत सगळे बाक रिकामे होते. पहिल्या बाकावर टेपरेकॉर्डर, त्याचा लाल दिवा लागलेला. माईक गुंडाळून टेबलावर ठेवला होता. सर फळ्यापाशी नव्हते. ते हॉलच्या मधोमध, दोन रांगांच्या मध्ये उभे होते.

“दत्तात्रय,” ते म्हणाले. हजेरी घेतात तसं. मान हलवली, टेप मागं घेतला.

“दत्ता.” पुन्हा मान हलवली.

मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, आणि त्या बसलेल्या, खडूनं खाल्लेल्या आवाजात, माईकशिवाय, सगळा जीव एकवटून ओरडले, “दत्त्याऽऽ!”

पत्रे दणाणले. तिसऱ्या बाकापुढं न जाणारा तो आवाज दारापर्यंत आला आणि मला ओलांडून जिन्यात गेला. हाक मारून सर तसेच उभे राहिले, मान जराशी तिरकी, हजेरीला पोरगं ओ देईपर्यंत थांबायचे तसे. टेप फिरत होता. माझ्या तोंडात ओ आली होती. मी ती गिळली. ती मला मागितलेली नव्हती.